कोपऱ्यावरचा काळा पडदा

१

ही मूठभर कच्ची तूर हातात धरून सांगतो, पुढची गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. तूर हातात धरून जो खोटं बोलेल, त्याच्या घरी वर्षभर डाळ शिजत नाही, असं आमच्याकडं म्हणतात. म्हणतात म्हणजे, मीच म्हणतो. पण गोष्ट खरी. सगळं या दोन डोळ्यांनी पाहिलंय. पाहिलंय म्हणजे, त्या दिवसांत मी गुलबर्ग्याला मेव्हण्याकडं होतो. पण मेव्हण्याच्या ओट्यावर बसून हुमनाबादचं जेवढं दिसतं, तेवढं सगळं पाहिलंय.

हुमनाबादच्या इंडस्ट्रियल एरियात अमृतप्पांची दालमिल आहे. हायवेवरून जाताना लॉऱ्यांच्या धुरापलीकडं पिवळसर धूळ उडताना दिसली की समजायचं, तीच. मालक अमृतप्पा, पण मिल चालवायचा मॅनेजर रविकुमार. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की समोरच्याला आपणच चुकलो असं वाटावं. सकाळी आला की बसवण्णांच्या फोटोला उदबत्ती, मग केबिनमध्ये चहा, आणि मग कॅमेरे. त्या एका मोठ्या मॉनिटरवर सगळी मिल चौकोन चौकोन होऊन मांडलेली असायची. फाटक, अंगण, वजनकाटा, मशिनघर, गोदाम, व्हरांडा, आणि खुद्द त्याची केबिन. रविकुमार चहाचा घोट घेत एकेक चौकोन असा बघायचा, जशी सुगरण तांदळातला खडा बघते.

एक चौकोन मात्र पुरा दिसायचा नाही. गोदामाच्या डाव्या कोपऱ्यावर काळा पडदा होता. कापडाचा नव्हे. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये माऊसनं चौकट ओढली की चित्रातला तेवढा भाग काळा होतो. त्या कोपऱ्यात तुरीच्या डाळीत स्वस्तातली, बंदी असलेली लाखेची डाळ मिसळली जायची. अमृतप्पांनी सांगितलं होतं, "तेवढं झाक." रविकुमारनं झाकलं.

आणि त्याच झाकलेल्या कोपऱ्यात, उन्हाळा लागायच्या आधी, शोभाबाई तुरीच्या ढिगाखाली गेली.

२

शोभाबाई दुबलगुंडीची. डाळ निवडायला यायची. ढीग तिच्यावर कोसळला आणि बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं. काढली तेव्हा तिच्या पदराला गाठ होती आणि गाठीत तूर होती. रविकुमारनं ती गाठ चारचौघांत सोडून दाखवली. "बघा. चोरायला गेलती. कुणी पाठवलं न्हवतं तिला तिकडं." पोलिसांनी कॅमेऱ्याचं विचारलं, तर कॅमेऱ्यात काळं. विषय मिटला.

तिच्या लेकीचा, दीपमालाचा, मात्र मिटला नाही. तिनं कामगार खात्यात अर्ज दिला. साहेब लोक कधीही येतील अशी आवई उठली. त्यातच कॅमेऱ्यांचा जुना रेकॉर्डिंगचा डबा बंद पडला, आणि अमृतप्पांना आता मिल फोनवर बघायची हौस आली होती. म्हणून नवं सॉफ्टवेअर निवडायचं काम रविकुमारकडं आलं. त्याला मात्र एकच गोष्ट बघायची होती. पडदा पक्का हवा. साहेब आले, तज्ज्ञ आले, अगदी ब्रह्मदेव आला, तरी उचलता येऊ नये असा.

गुलबर्ग्याहून प्रशांतकुमार आला. कॅमेरे विकायचा, बसवायचा, आणि जिभेला हाड नव्हतं.

"सर, तीन सॉफ्टवेअर आणलेत. वापरून बघा, आवडंल ते ठिवा. चेहरा ओळखतंय, गाडीचा नंबर वाचतंय, कोण कवा आलं, कवा गेलं..."

"पडद्याचं सांग."

"पडदा दोन जातीचा असतोय सर. एक पक्का. रेकॉर्डिंगमध्येच काळं उमटतंय, खाली काय झालं ते देवाला बी दिसत न्हाई. दुसरा वरून नुसता पांघरलेला. खाली सगळं रेकॉर्ड हुतच राहतंय. पासवर्ड टाकला की उठतोय."

"पहिला दे."

प्रशांतकुमार हसला. "देवाला बी दिसू नये असं काय ठिवलंय ओ सर तिथं?"

"झाडलोट नसती तिथं. पाहुण्यासमोर बरं दिसत न्हाई."

"मग झाडून घ्या की. सॉफ्टवेअरपेक्षा खराटा स्वस्त."

रविकुमार हसला नाही. त्यानं माऊस हातात घेतला आणि चौकट स्वतः ओढली. डावीकडं खांब, उजवीकडं मशिनघरात तूर नेणारा पाइप, बरोबर त्यांच्या मधे. कोपरा काळा झाला. त्याला बरं वाटलं. जखमेवर पट्टी बसल्यावर वाटतं तसं.

३

दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता त्याला खांब दिसला.

खांब दिसायला नको होता. काल खांबाची कड पडद्यात गेली होती. आज खांब पुरा उघडा, त्याच्यामागची ओलसर भिंतही उघडी, आणि पडदा पाइपच्या पुढं सरकलेला. फार नाही, हातभर.

आपणच काल नीट ओढला नसेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. पुन्हा ओढला. सकाळी पुन्हा खांब उघडा. आता पडदा गोदामाच्या मधोमध होता, रिकाम्या फरशीवर. झाकायला तिथं काही नव्हतंच.

त्यानं फोन लावला. प्रशांतकुमार म्हणाला, "सर, पडदा म्हंजे चार कोपऱ्यांचे चार आकडे. आकड्याला पाय नसतात. कॅमेरा हलला असंल, उंदीर बिंदीर."

रविकुमारला हे पटलं. गोदाम आहे, उंदीर असणारच. तो शिडी लावून कॅमेऱ्यापर्यंत गेला. कॅमेरा जागच्या जागी, स्क्रू घट्ट, वर धुळीचा थर, आणि थरावर कुणाच्याही पायाची खूण नाही. बरं, कॅमेरा हलला असता तर खांबही हलला असता ना चित्रात. तो तर जागेवर होता. हा विचार त्याच्या मनात शिडी उतरताना आला, आणि उरलेल्या पायऱ्या तो जरा घाईनं उतरला.

त्याच दुपारी त्यानं आणखी एक पाहिलं. पोती शिवणारी बाई मॉनिटरवर गोदामातून चालली होती. चालता चालता ती काळ्या चौकटीत शिरली, आणि पलीकडून बाहेर आली ती पदर झाडत. मग हमाल गेला. तोही चौकटीतून बाहेर पडला आणि बनियनला लागलेलं काहीतरी हातानं झटकत पुढं गेला. तिसराही तसाच.

रविकुमारनं त्या बाईला बोलावलं. "गोदामात पदर कामून झाडलीस?"

"म्या? म्या कशाला झाडू? पदर झाडायचा ते संध्याकाळी फाटकावर, तुमच्या कॅमेऱ्यापुढं. कामावर कोण झाडतंय ओ?"

"आत्ता झाडलीस. मी बघितलो की."

बाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "अण्णा, ऊन लागलंय तुमाला. ताक प्या."

४

संध्याकाळी फाटकावर दीपमाला उभी होती. ती नेहमी उभी असायची. भांडायची नाही, रडायची नाही. आत काम करणाऱ्या बाया एकेक करून तूर लपवली नाही हे दाखवायला कॅमेऱ्यापुढं पदर झाडून बाहेर पडायच्या, आणि दीपमाला प्रत्येकीच्या पदराकडं बघत राहायची.

"साहेब," ती म्हणाली, "कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर बदलायलाव म्हणं?"

"बदलायलाव. तुला काय करायचंय?"

"जुन्यात माझी माय दिसली न्हाई. नव्यात तरी दिसंल का, इचारायलेय."

"तुझी माय चोरी करायलती, दीपमाला. मेलेल्या माणसाबद्दल मी जास्त बोलत न्हाई, तर त्यात तुजंच भलं हाय."

"व्हय. तुमी बोलत न्हाई हेच तर म्हणायलेय मी." ती फाटकाच्या गजाला धरून म्हणाली, "मला पैसा नगं. माझ्या मायला आमच्या वस्तीत आजपस्तोर कुणी चोर म्हणलं न्हवतं. तेवढं बोला. चारचौघांत बोलला होताव, चारचौघांत बोला."

रविकुमारनं वॉचमनला फाटक लावायला सांगितलं.

५

पहिलं सॉफ्टवेअर त्यानं काढून टाकायला लावलं. "ह्यात खोट हाय," म्हणाला. प्रशांतकुमारनं दुसरं बसवलं. ते दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या देशाचं. पहिल्याशी काही नातं नाही. रविकुमारनं कोपऱ्यावर नव्यानं चौकट ओढली.

सकाळी कोपरा लख्ख उघडा होता. गोदामात पडदा कुठंच नव्हता. त्याला क्षणभर आनंद झाला, आणि मग त्याची नजर शेजारच्या चौकोनाकडं गेली.

पडदा अंगणात होता. गोदामाच्या दाराबाहेर, उन्हात.

सॉफ्टवेअर बदललं होतं, पण पडद्यानं पहिल्यापासून सुरुवात केली नव्हती. जिथवर आला होता, तिथून पुढं निघाला होता. आणि अंगणाच्या कॅमेऱ्यावर तर कुणी कधी चौकट ओढलीच नव्हती.

माणसाची बुद्धी मोठी इमानी असते बघा. मालक बुडाला तरी कामावर येते. रविकुमारची बुद्धी म्हणाली, जुन्या सेटिंगा नव्यात उतरल्या असतील. व्हायरस असेल. हा प्रशांतकुमारच लुच्चा आहे, तिसरं महागडं गळ्यात मारायला पहिली दोन बिघडवतोय. हे शेवटचं त्याला फार आवडलं. माणूस लुच्चा असला की जग कसं ओळखीचं वाटतं.

पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज होता. अंगणातल्या कॅमेऱ्याला माइक होता. रविकुमारनं स्पीकर मोठा केला. हायवेवरची लॉरी, कुत्रं, हमालांच्या शिव्या, आणि त्या सगळ्याच्या खाली, बारीक, न थांबणारा एक आवाज.

सर्र... सर्र...

दालमिलमध्ये ज्यानं आयुष्य काढलं त्याला हा आवाज सांगावा लागत नाही. ढिगाच्या पोटातून तूर ओढली की वरची तूर खाली घसरते, तेव्हा असा येतो. तो खिडकीपाशी गेला. अंगण रिकामं. ऊन. आवाज नाही. परत स्पीकरपाशी आला.

सर्र... सर्र...

आणि मधेच थाप. मऊ, आतून आल्यासारखी. कुणी तळहातानं ढीग चाचपावा तशी.

६

तिसरं सॉफ्टवेअर बसलं त्या दिवशी अमृतप्पा बसवकल्याणला लग्नाला गेले होते. तिथून त्यांचा फोन आला. मागं बँड वाजत होता.

"रविकुमार, अरे फोनवर मिल दिसायली बघ! झकास! पण व्हरांड्यात काळं काय हाय रे? म्हैस बांधलास का काय?"

रविकुमारनं मॉनिटर पाहिला. व्हरांड्याच्या चौकोनात, केबिनच्या दारापासून जरा अलीकडं, काळी चौकट उभी होती. आडवी नव्हती आता. उभी. माणसाच्या उंचीची.

"डेमो हाय अप्पा," तो म्हणाला. "नीट व्हायलंय."

त्यानं प्रशांतकुमारला फोन लावला.

"सर, मी हितून बघायलोय. तुमचं सगळं माझ्या लॅपटॉपवर हाय. पडदा जिथं ओढलाव तिथंच हाय, गोदामात, डाव्या कोपऱ्यात. दुसरीकडं कुठंच न्हाई."

"व्हरांडा बघ."

"व्हरांडा मोकळा हाय सर. तुमच्या चपला दिसायल्यात."

रविकुमारनं मॉनिटर पुन्हा बघितला. मालकाला दिसतं, आपल्याला दिसतं, प्रशांतकुमारला नाही. ज्यांना तो कोपरा झाकायचा होता, त्यांनाच दिसतं. हा हिशोब त्याच्या मनानं त्याला न विचारता मांडला.

"एक हाय सर," प्रशांतकुमार म्हणाला, "ह्या तिसऱ्यात पक्का पडदा नसतोय. पांघरलेला असतोय. खाली काय हाय ते बघायचं असंल तर पासवर्ड टाका. पासवर्ड तुमीच ठिवलाव, मला बी ठावं न्हाई."

फोन ठेवला. जेवणाची सुट्टी होती. मशिनं बंद, बाया झाडाखाली डबे सोडून बसलेल्या. पंख्याची घरघर तेवढी. मॉनिटरवर ती काळी उभी चौकट दारापासून दोन हातांवर, हलत नव्हती. हलताना ती कधी दिसायचीच नाही. बघून नजर वळवली, की पुढं आलेली असायची.

त्यानं पासवर्ड टाकला.

पडदा उठला. खाली व्हरांड्याची फरशी दिसायला हवी होती. दिसला तो ढीग. गोदामातला, डाव्या कोपऱ्यातला, कोसळलेला तुरीचा ढीग. त्यातून बाईचा एक हात कोपरापासून बाहेर, आणि पदराचं टोक. आणि ढिगापाशी उकिडवा बसलेला, कॅमेऱ्याकडं पाठ असलेला एक माणूस. इस्त्रीचा शर्ट.

माणूस मूठभर तूर पदराच्या टोकात भरत होता. गाठ मारत होता. गाठ सुटली, त्यानं पुन्हा मारली. घाईत नव्हता.

पाइपचं तोंड तुंबलं होतं त्या दिवशी. "जा, शोभाबाई, खालून ओढ, मोकळं हुईल," असं त्यानंच सांगितलं होतं. ढिगाच्या पोटातून ओढायचं नसतं हे मिलमधलं शेंबडं पोरही जाणतं. ढीग तिच्या अंगावर आला. तो धावत गेला. आणि धावत गेल्यावर त्याच्या मनात आलं की ही बाहेर निघाली तर सांगणार, कुणी पाठवलं ते. साहेब येणार, कोपरा बघणार, डाळ बघणार. म्हणून त्यानं आधी गाठ मारली. आणि मग, बऱ्याच वेळानं, लोकांना हाक मारली.

एक गोष्ट त्यानं स्वतःशीही कबूल केली नव्हती. गाठ मारताना तिचा हात हलला होता. तूर घसरते तेव्हा तिच्यातलं सगळंच हलतं, असं त्यानं तेव्हा मनाला सांगितलं होतं.

मॉनिटरवर तो हात हलला. बोटं उघडली, चाचपडली, आणि गाठ मारणाऱ्या त्या माणसाच्या मनगटावर मिटली.

केबिनमध्ये बसलेल्या रविकुमारनं आपल्या मनगटाकडं पाहिलं नाही. त्यानं पडदा परत टाकला, जोरात, माऊस फुटेल असा. व्हरांडा पुन्हा दिसायला लागला. फरशी, चपला, ऊन.

पडदा तिथं नव्हता.

मॉनिटरवरच्या शेवटच्या चौकोनात केबिन दिसत होती. टेबल, फोटो, पंखा, पाठमोरा रविकुमार. आणि त्याच्या खुर्चीच्या मागं, काळं.

७

तो उठला. मागं न बघता, खुर्ची पाडून, अनवाणी बाहेर पळाला. तापलेल्या अंगणातून फाटकापर्यंत. झाडाखालच्या बाया हातातला घास तसाच धरून बघत राहिल्या.

दीपमाला गजाला धरून उभी होती.

"मी पाठवलो," तो ओरडला. "तुझ्या मायला मी पाठवलो! गाठ मी मारलो. ती चोर न्हवती. ऐकायलाव का सगळे? शोभाबाई चोर न्हवती! आणि ती... ती जिती होती तवा."

दीपमालानं गज सोडले. ती रडली नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि दुबलगुंडीच्या रस्त्याला लागली, मागं न बघता. माणूस एखादी जड वस्तू पोचती करून निघतो तशी.

रविकुमार केबिनमध्ये परतला तेव्हा मॉनिटरवर सगळे चौकोन स्वच्छ होते. काळं कुठंच नव्हतं.

८

ऐकून बरं वाटलं ना? मलाही सांगताना वाटतं. पण तूर हातात आहे, म्हणून सांगतो. सातवा भाग मी रचला.

रविकुमार उठलाच नाही. जेवणाची सुट्टी संपली, मशिनं सुरू झाली, पोती शिवणारी बाई सुतळी मागायला केबिनमध्ये गेली, तर तो खुर्चीत बसलेला. डोळे उघडे, अंग गरम, शर्टाची इस्त्री मोडलेली नाही. फक्त उजवा हात टेबलावर पालथा होता, आणि त्याचं मनगट आजही कुणाला वळवता येत नाही. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी तपासलं. काही नाही म्हणाले. मेंदू ठीक, जीभ ठीक, घसा ठीक.

तो आजही मिलमध्ये येतो. म्हणजे आणून बसवतात. बायको म्हणते घरात ठेवलं की भिंतीकडं बघून बोलायचा प्रयत्न करतो, आणि ते लेकरांना ऐकवत नाही. कारण त्यानं तोंड उघडलं की शब्द येत नाही. सर्र येतं. बारीक, न थांबणारं, ढिगाच्या पोटातून तूर घसरावी तसं. आता त्याला बोलायचं असतं हो. डोळ्यांतून दिसतं, फार बोलायचं असतं. नुसती सर्र.

अमृतप्पांनी तिसरं सॉफ्टवेअर कायम केलं. म्हणतात, पडदा आता हलत नाही. केबिनच्या चौकोनात, खुर्चीवर, पक्का बसलाय. पासवर्ड रविकुमारला ठाऊक, दुसऱ्या कुणाला नाही.

आणि दीपमाला गेली नाही. तिला आता फाटकावर कुणी अडवत नाही. ती रोज दुपारी केबिनच्या दारात येते, चौकटीला टेकून उभी राहते आणि शांतपणे म्हणते, "बोला साहेब. मी ऐकायलेय." तो तोंड उघडतो. ती पुरतं ऐकून घेते. मग म्हणते, "कळलं न्हाई. उद्या येते."

एवढं सगळं खरं. त्याची कबुली तेवढी माझी. त्याची त्याला जमत नाही, म्हणून म्हटलं एकदा मीच देऊन बघावी.